बेचिराखचा ग

माझं अक्षर चांगलं आहे, हे लहानपणापासून इतक्या जणांनी सांगितलंय की आता त्या अक्षराची मला चीड येते. त्या अक्षरावरच मला परभणीत नकाशे काढायची नोकरी लागली. शहर वाढायलं होतं. पिंगळीच्या बाजूला सरकत सरकत ते शेजारच्या खेड्यांच्या शिवारात शिरलं होतं, आणि शहर अन् खेडी मिळून एकच विकास आराखडा करायचा हुकूम आला होता. रस्ता कुठं, शाळा कुठं, घरं कुठं, सगळं कागदावर ठरणार. आम्ही साखळी ओढत शिवार मोजायचो आणि स्वतःला ब्रह्मदेव समजायचो.

एका खेड्याच्या कडेला बौद्धांची दहा-बारा घरं होती. तिथं एक मास्तर राहायचे, गावातल्याच शाळेत शिकवायचे. त्यांच्या ओसरीवर बसून मी मोजणीची वही लिहायचो. ते पाणी द्यायचे, आणि ते मी पितो याचं मला स्वतःचंच कौतुक वाटायचं. आता लाज वाटते. "साहेब, अक्षर लय देखणं हाय तुमचं," ते म्हणायचे. "हा ग बघा, उभी रेघ कशी सरळ. माझी पोरं असं लिवायला लागली तर मी पेढे वाटीन." नेमका ग दिसला त्यांना. कर्म माझं!

मोजणी अर्धी झाली अन् विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला. पुढं काय घडलं ते मराठवाड्याला सांगायला नको. ती घरं जाळली. जाळणारे परके नव्हते, मी ज्या समाजात जन्मलो त्यातलेच होते. महिन्याभरानं उरलेली मोजणी करायला गेलो तर काळ्या भिंती, फुटलेले रांजण, मास्तरांच्या ओसरीवर एक भाजलेली पाटी. माणसं कुणी पूर्णेला, कुणी चुडाव्याला पाहुण्यांकडं निघून गेलेली. मला रडू आलं. वहीत लिहायचं होतं 'वस्ती जाळली'. पण जाळली म्हटलं की कुणी, असा प्रश्न आलाच, आणि तेवढी माझी छाती नव्हती. मी लिहिलं, 'वस्ती बेचिराख'.

ऑफिसात एक वयस्कर आरेखक होते, निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले. वही बघून हसले. "अरे बाबा, ख कशाला? चिराग म्हंजे दिवा. जिथं दिवा लागत नाही, माणूस राहत नाही, ते बेचिराग. महसुली शब्द हाय तो. नकाशावर ग कर." त्यांना काय माहीत तिथं काय झालंय? मला माहीत होतं. पण चूक निघाली म्हणून मी शरमलो, आणि शहाण्यासारखा नकाशावर झोकदार ग काढला. जळालेली वस्ती एका अक्षरानं ओसाड झाली. ओसाड जागा म्हटल्यावर विचारायचं कुणाला? आमच्या ऑफिसातल्या साहेबांनी तिथं बाग ठरवली, आणि हिरवा रंग मीच भरला.

नकाशा लोकांना दाखवून हरकती मागवल्या, तोवर मास्तर आणि बाकीचे परत येऊन त्याच भिंतींवर पत्रे टाकून राहिले होते. मास्तर सुनावणीला आले. पिशवीतून त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली रॉकेलची चिमणी काढली आणि साहेबांच्या टेबलावर ठेवली.

"साहेब, नकाशात आमाला बेचिराग लिवलंय. हा आमचा दिवा. रोज लावायलोत. तेवढा शब्द काढा, घरं ऱ्हाऊ द्या."

लोक हसले. साहेबांनी माझ्याकडं वळून विचारलं, "मोजणीच्या वेळी तिथं कुणी राहत होतं का?" मास्तरांनीही माझ्याकडं बघितलं. 'राहत होते, जाळून हाकललं त्यांना,' एवढं म्हणायचं होतं. नुसते मूग गिळले असते तरी चाललं असतं, मी त्याहून वाईट केलं. "नोंद आहे तसंच असेल, साहेब," म्हणालो. मास्तरांनी चिमणी उचलली, पुन्हा कागदात नीट गुंडाळली, नमस्कार केला आणि गेले.

हरकत फेटाळली. वस्ती उठवून नाल्यापलीकडं टाकली, जिथं दर पावसाळ्यात घरात पाणी शिरतं. बाग काही झाली नाही. तिथं वेड्या बाभळी माजल्या.

पंधरा-सोळा वर्षांनी विद्यापीठाचा नामविस्तार झाला त्या जानेवारीत मी कसाबसा धीर करून नाल्यापलीकडं गेलो. मास्तर थकले होते, डोळ्यांनी कमी दिसायलं होतं. पण आवाजावरून ओळखलं आणि आधी पाणी मागवलं. मी तांब्या हातात धरूनच सगळं सांगून टाकलं, जाळली, ख, ग, हिरवा रंग, सगळं.

"मला ठाव होतं की," ते म्हणाले. "नकाशा लावला त्याच दिशी वळखलं. अक्षरं तपासण्यात जन्म गेला माझा."

"मग सुनावणीत का नाही बोललात? माझं नाव घ्यायचं."

"तुमी बोलताल वाटलं."

रागानं म्हणाले असते तर मला माफी तरी मागता आली असती.