सुई अडवणारे भारतमामा

भारतमामा औषध काउंटरवर ठेवायचे आणि त्यावर आपला पंजा पालथा घालायचे. मग विचारायचे, "हे कुणाच्या अंगात जाणार हाय?" उत्तर मिळेपर्यंत पंजा हलायचा नाही. अणदूरच्या बसस्थानकासमोर त्यांचं मेडिकल होतं. घाईतल्या गिऱ्हाइकांना या चौकशीचा वैताग यायचा. मलाही यायचा. मी इथल्या शाळेत शिक्षिका, दिवसभर पोरांना प्रश्न विचारणारी; मला कुणी उलट विचारलेलं खपत नाही.

तेव्हा माझं वजन शहाण्णव किलो होतं. साखरेची गोळी चालू होती, गुडघे बोलायला लागले होते आणि पाठीमागं पोरं मला काय म्हणतात तेही ठाऊक होतं. माझी पुण्याची वहिनी डॉक्टरांच्या सल्ल्यानं आठवड्याला एक वजन कमी करायचं इंजेक्शन घ्यायची. चांगली सुटसुटीत झाली होती. घटस्थापनेच्या आधी ती आली आणि स्वतःचं स्वतः टोचायचं एक कोरं पेन तिनं माझ्या हातावर ठेवलं. माझ्या डोक्यात लगेच बेत शिजला. आमच्याकडं नवरात्राचे नऊ दिवस कडक उपवास. या इंजेक्शननं भूक मरते म्हणे. म्हणजे उपवास अलगद निभतील, देवीचंही होईल आणि वजनाचंही! स्वतःच्या हुशारीवर मी बेहद्द खूश होते.

पेन थंड ठेवायचं होतं आणि आमच्या घरची वीज बेभरवशाची. म्हणून ते मामांच्या फ्रिजमध्ये ठेवायला नेलं. पंजा पडलाच.

"वहिनीबाईचं औषध तुमच्या अंगात कशापायी, बाई?"

मी बेत सांगितला. मामा हसले नाहीत. "साखरेची गोळी चालू, पोटात अन्न न्हाय, आन् वरून भूक मारायची. चक्कर येऊन पडलाव तर देवी उचलाया येणार हाय व्हय?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "दोन वर्सामागं तुमचं पोट लई दुखलं हुतं. स्वादुपिंडाला सूज आल्ती. गोळ्या म्याच दिल्या. ईसरलाव?"

विसरले नव्हते, आठवायचं नव्हतं. मी सगळ्या गिऱ्हाइकांसमोर भडकले. "तुमचं काय जातंय? हे शहाण्णव किलो तुम्ही उचलता का?"

"औषध वाईट न्हाय, बाई," मामा शांतपणे म्हणाले. "माझी सून बी घेतीया, डॉक्टरनं तपासून दिलंय. ते तुमच्यासाठी हाय का, एवढंच इचारून येऊ."

दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप घालून ते माझ्याबरोबर सोलापूरच्या बसमध्ये बसले. डॉक्टरांनी माझे जुने कागद पाहिले, नव्या तपासण्या केल्या आणि सांगितलं की, स्वादुपिंडाचं ते दुखणं होऊन गेल्यामुळं हे इंजेक्शन तुम्हाला नको. साखरेची गोळी बदलून दिली, जेवणखाण लिहून दिलं, नऊ दिवसांच्या उपवासाला मात्र चक्क नाही म्हणाले. पेन वहिनीकडं परत गेलं.

येताना बसमध्ये मला रडू आवरेना. त्या वेळी कुणी 'आहात तशा छान आहात' म्हटलं असतं तर मी भांडले असते. मामा म्हणाले, "रडा. वजन उतरावं वाटण्यात लाज कसली? म्या सुई अडवलीया, तुमची इच्छा न्हाय."

पुढच्या दोन वर्षांत अकरा किलो उतरले, कुरकुरत, चालून चालून. मामा दर महिन्याला "गुडघं काय म्हणत्यात?" एवढंच विचारायचे. काट्यावरचा आकडा त्यांनी कधीच विचारला नाही.

गेल्या हिवाळ्यात मामा हृदयविकाराच्या झटक्यानं गेले. मामींना भेटायला गेले तेव्हा सोलापूरच्या त्या दिवसाची आठवण निघाली. मामी म्हणाल्या, "डॉक्टर न्हाय म्हणणार, हे त्यास्नी आदल्या दिशीच ठावं हुतं. मला म्हणले, बाईंनी लई आस लावलीया. न्हाय ऐकून माघारी येताना त्या बसमदी एकट्या नसाव्यात, म्हणून जातू."

मामांवर ओरडल्याची माफी मी त्यांच्याकडं केव्हाच मागितली होती. आभार मानायचे मात्र राहून गेले होते. ते मी मामींचे हात हातात घेऊन मानले.