चौथ्या नंबरचा उसामी

आमच्या उसामी तेइजीला आयुष्यात कशाची भीती वाटत असेल, तर ती पहिल्या नंबराची. भूकंपाला तो भीत नाही. जेवताना हादरा बसला तर सुपाची वाटी उचलून धरतो आणि थांबला की उरलेलं पितो. पण गोतेम्बातल्या, पटावर 'गो' खेळणाऱ्यांच्या मंडळात वीस वर्षं तो एकाच पायरीवर बसलाय, कारण वर गेलं की कच्च्या खेळाडूला मिळणारी दोन सोंगट्यांची सवलत जाते. गल्लीच्या सोडतीत एकदा त्याला पहिलं बक्षीस लागलं, तर यानं ते लगेच शेजाऱ्याच्या गळ्यात घातलं. पहिलं बक्षीस घेईल त्यानं पुढच्या वर्षीच्या जत्रेची व्यवस्था बघायची, असा आमच्या गल्लीचा रिवाज. शेजारी अजून शिव्या घालतो.

आणि असा माणूस शर्यतीच्या गाडीचा संघ चालवतो. त्याच्या गॅरेजच्या मागच्या शेडमध्ये एक गाडी, सात-आठ माणसं आणि त्यांतली एक मी, मिझोगुची. संघाच्या प्रमुखाला कांतोकु म्हणतात, म्हणून तो कांतोकु. माझ्याकडे काम वजनाचं. आमच्या जीटी शर्यतींचा नियमच असा, की जो जितके गुण मिळवेल त्याच्या गाडीत पुढच्या शर्यतीला तितकं जास्त वजन टाकायचं. जिंकलात तर चाळीस किलो. त्या वजनाच्या पट्ट्या गाडीच्या तळाला मी बोल्टनं आवळते. नऊ वर्षांत माझी पाठ एकदाही दुखली नाही, यात आमच्या संघाचा सगळा इतिहास आला.

जिंकणं म्हणजे पुढच्या शर्यतीची शिक्षा, असं कांतोकुचं म्हणणं. चौथा नंबर सगळ्यांत उत्तम. मान राहतो आणि वजनही फार चढत नाही.

आमची गाडी दोघे चालवायचे. पहिला टप्पा कोरेएदा नावाचा तरुण, आणि गाडी शेवटाला न्यायची ती नेझू कात्सुहिकोनं. नेझू याइझू बंदरातला, मासेमारांच्या घरातला. वय सत्तेचाळीस. बावीस वर्षं शर्यतीत, त्यांतली नऊ आमच्याकडे, आणि पहिला नंबर एकदाही नाही. रेडिओवर काहीही सांगा, त्याचं उत्तर एकच, "समजलं." त्याची बायको म्हणते, लग्नाचं विचारलं तेव्हाही हेच म्हणाला होता.

नव्या वर्षाच्या तिसऱ्या दिवशी आम्ही सगळे देवळात जाऊन आलो. पायऱ्या उतरताना, हातात आमाझाकेचा, म्हणजे भाताच्या गरम गोड पेयाचा, कागदी पेला धरून, नेझू बोलायला लागला.

"कांतोकु, यंदा माझं शेवटचं वर्ष. डोळे पहिल्यासारखे राहिले नाहीत. जायच्या आधी एकदा पहिलं यायचंय. एकदाच."

इतके शब्द त्याच्या तोंडून मी कधी ऐकले नव्हते. कांतोकुही चपापला. पण त्याचं डोकं लगेच त्याच्या नेहमीच्या वाटेला लागलं.

"मोतेगीला," तो म्हणाला. "शेवटच्या शर्यतीला. मी शब्द देतो. तोवर हातचं राखून चालवायचं."

"अहो, शेवटच्या शर्यतीला सगळ्यांचीच वजनं उतरवतात," मी म्हटलं. "मग वर्षभर वजन चुकवून आपण काय मिळवणार?"

"मिझोगुचीबाई, बाकीचे वर्षभर ओझं ओढून दमतील. इंजिनं दमतील, माणसं दमतील. आपण ताजे राहू."

"ताजे? नऊ वर्षं आपण ताजेच आहोत. आता लोणचं घालायची वेळ आली."

नेझूनं पेला रिकामा केला आणि म्हणाला, "समजलं."

मग सुरू झाला आमचा ताजं राहण्याचा हंगाम. ओकायामाला पाचवे आलो. कांतोकुला तेही जास्त वाटलं. फुजीला, आमच्या घरच्या अंगणात, त्यानं आठव्यावर भागवलं. सुझुकाला टायर बदलून गाडी निघायला तयार, पुढे जागा मोकळी, आणि हा मला म्हणतो, "काच परत पुसा."

"लख्ख आहे."

"तरी पुसा."

पुसली. चार सेकंद गेले, दोन गाड्या पुढे निघून गेल्या, आणि कांतोकुच्या चेहऱ्यावर असं समाधान की जणू सून बाळंत झाली. मी फडकं बादलीत आपटलं. माझा संताप त्याला दिसत नाही असं नाही. तो संताप सहन करण्याचंही त्याला एक समाधान आहे.

सुगोला मात्र अति झालं. पाऊस होता. पावसात नेझूचा हात धरणारा अख्ख्या मैदानात कोणी नाही. लहानपणापासून बोटीवर वाढलेला माणूस, पाणी त्याला काय सांगणार? पाच फेऱ्या उरल्या होत्या आणि आमच्या वर्गातल्या गाड्यांत तो सात सेकंदांनी पुढे होता. शेजारच्या संघाचे लोक येऊन आमच्याकडे बघत उभे राहिले. मी वजनाच्या पट्ट्या मनातल्या मनात आवळायला घेतल्या, आणि खरं सांगते, त्या मला हलक्या वाटत होत्या.

कांतोकुनं रेडिओचं बटण दाबलं. "नेझूसान, बाजूला व्हा. तिघांना जाऊ द्या."

"कांतोकु," मी म्हटलं, "हातातोंडाशी आलाय घास."

"चाळीस किलो, बाई. चाळीस."

"तुमच्या डोक्यात घाला ते चाळीस किलो."

रेडिओवर थोडा वेळ नुसता पावसाचा आवाज आला. मग आलं, "समजलं."

त्या संध्याकाळी सेंदाईला भाजलेली बैलाची जीभ खायला बसलो. तिकडे तीच खातात. नेझू मुकाट्यानं जेवत होता. मला राहवेना.

"खा पोटभर," मी म्हटलं. "स्वतःची तर वापरत नाहीस."

तो हसला. "बाई, मोतेगीला आहे ना. कांतोकुनी शब्द दिलाय."

त्याचं ते हसू बघून मला त्याचाच जास्त राग आला. शब्द देणारा एक शहाणा आणि धरून बसणारा दुसरा. शेवटून दुसऱ्या शर्यतीत आम्ही नववे आलो. तिथंही दोन वेळा "बाजूला व्हा" झालं, दोन वेळा "समजलं" झालं. दुसऱ्या वेळी तर कांतोकुचं वाक्य पुरं व्हायच्या आत गाडी बाजूला गेली होती. कांतोकु खूश. म्हणाला, "बघा, किती जुळलंय आमचं."

नोव्हेंबरात मोतेगी. कोरडी थंडी, स्वच्छ ऊन. याइझूहून बस भरून माणसं आली होती. भरपूर मासळी घेऊन बोट बंदराला लागते तेव्हा लावतात तसला मोठा रंगीत झेंडा त्यांनी कठड्याला बांधला होता. नेझूचे म्हातारे वडील त्याच्याखाली घोंगडी पांघरून बसले होते. सगळ्या गाड्यांची वजनं उतरली होती, म्हणून मला काही काम नव्हतं. मी कांतोकुसमोर जाऊन उभी राहिले.

"आज तोंड उघडायचं नाही."

"नाही उघडणार."

"काहीही झालं तरी?"

"बाई, मीही त्याच्यासाठीच केलंय हो सगळं," तो म्हणाला, आणि मला धक्का बसला, कारण त्याचे डोळे भरले होते. त्यानं गळ्यातला टॉवेल काढला, घडी घातली आणि सरळ तोंडात कोंबला.

आणि सांगायला जीभ रेटत नाही, पण त्याचं म्हणणं खरं ठरलं. आमचं इंजिन खरंच ताजं होतं. कोरेएदानं गाडी तिसरी आणून दिली. नेझूनं वीस फेऱ्यांत दोघांना मागं टाकलं. वर्षभर ओझं ओढलेल्या गाड्या मागं पडत गेल्या. शेवटची फेरी लागली तेव्हा मागची हिरवी गाडी दीड सेकंद लांब होती. ती काही गाठणार नव्हती. मी रडत होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. कांतोकु टॉवेल चावत पडद्यासमोर बसला होता, दोन्ही हात मांडीखाली दाबून.

उताराचा लांब सरळ रस्ता आला. त्याच्या टोकाला एक काटकोनी वळण, मग एक छोटं, आणि मग शेवटची रेघ. हिरवी गाडी आरशात दिसायला लागली असेल, तेवढंच. आमच्या गाडीचा वेग उतरला. ती व्यवस्थित, कुणाला त्रास होणार नाही अशी, उजवीकडे सरकली. हिरवी गाडी शेजारून निघून गेली.

आमची सगळी माणसं कांतोकुकडे वळली. त्यानं टॉवेल तोंडातून काढला. तो पिळता आला असता इतका ओला होता.

"मी बोललो नाही," तो म्हणाला. "मिझोगुचीबाई, तुम्ही इथंच होता. सांगा ना यांना. मी बोललो नाही."

नेझू गाडी घेऊन आला. उतरला, हेल्मेट काढलं. चेहऱ्यावर काही नाही. रोज काम संपवून घरी निघालेल्या माणसाचा असतो तसा चेहरा. वर कठड्यावर तो झेंडा कुणीतरी सोडायला घेतला होता. मग नेझूनं आमची तोंडं पाहिली, आणि कुठली शर्यत होती ते त्याला हळूहळू आठवलं.

"नेझूसान," कांतोकु म्हणाला, "का हो?"

"तुम्ही म्हणालात ना, बाजूला व्हा."

"मी नाही म्हणालो. देवाशपथ. तोंडात टॉवेल होता."

नेझूनं तो टॉवेल पाहिला.

"असेल," तो म्हणाला. "पण कांतोकु, आता तुम्ही न बोलताही मला ऐकू येतं."

कांतोकु माफी मागायला कमरेतून वाकला. जमिनीकडे तोंड करून वाकला तो वर येईचना. मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली. सगळे माझ्याकडे बघत होते, की ही बाई तरी त्याला उठवेल. मी उठवलं नाही.