आत्याने उगाली कच्ची ठरवली

आज अष्टमी गावातल्या हॉलमध्ये आफ्रिकन खाण्याचा आणि चित्रांचा मेळा होता, म्हणून आत्याला घेऊन गेले. भिंतीभर भडक रंगांची चित्रं आणि खाली खाण्याचे स्टॉल.

एक स्टॉल अकिनीचा. ती केनियाची, लग्न होऊन वरसे गावात आलेली, आणि हा तिचा पहिलाच स्टॉल. तिने आम्हाला उगाली वाढली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, सोबत परतलेली पालेभाजी.

आत्याने गोळा बोटाने दाबून बघितला. आमच्याकडे भाकरीसाठी तांदळाच्या पिठाची उकड काढतात, दिसायला अगदी तशीच. तिने हाताला पाणी लावलं आणि ताटातच भाकरी थापायला घेतली. वर मोठ्याने म्हणाली, "अगो, ही कच्ची हाय. तवा दे, मी भाजते."

'कच्ची' ऐकून मागे उभी असलेली माणसं सरळ बाजूच्या स्टॉलकडे वळली. मला तर कुठे तोंड लपवू असं झालं.

अकिनी मात्र हसली. "नाय आत्या, ही भाजायची नसते." तिने एक तुकडा मोडला, अंगठ्याने खळगा केला, त्यात भाजी भरली आणि आत्याला भरवला.

आत्याने घास चावून खाल्ला. मग त्या माणसांना हाक मारून म्हणाली, "या हो इकडं, शिजलेली हाय. चांगली लागते." माणसं खरंच परत आली.

आत्ता घरी जेवायला बसलोय. काकांच्या ताटात तांदळाच्या उकडीचा गोळा आणि माठाची भाजी.

"भाकरी कुठाय?"

"ती भाजायची नसते," आत्या म्हणाली.

तवा फळीवर आहे आणि काका निमूट जेवतायत. तुमच्या घरी खपेल का हे?