नावाची चटई

मला निरोप द्यायला धरणगावहून घरचे चौघे जळगावच्या फलाटावर आले होते, आणि प्रत्येकाला मनिलाहून काहीतरी हवं होतं. मी दोरखंडाच्या कारखान्यात नोकरीला. दोर वळायला मनिलाचा वाख (झाडाचा धागा) जगात नावाजलेला, तो कसा काढतात ते पाहून ये म्हणून मालकांनी मला बोटीने धाडलं होतं. आईला शिंपल्यांची डबी हवी होती, बहिणीला अननसाच्या पानांच्या धाग्याचा हातरुमाल. वडिलांना, म्हणजे नानांना, फक्त बातमी हवी होती.

माझे थोरले भाऊ अण्णा मनिलात एका सिंधी व्यापाऱ्याच्या कापड दुकानात कारकून होते. जपान्यांनी ते शहर घेतलं आणि अण्णांची पत्रं थांबली.

"बारा वरीस व्हई गयात," नाना म्हणाले. "तू येशी तवलग वाट दखसूत. मंग पुतळा जाळसूत."

बेपत्ता माणसाची आमच्याकडे बारा वर्षं वाट पाहतात. मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात आणि त्याच्या बायकोचं कुंकू पुसतात. गोदावरी वहिनींनी मात्र घरात निक्षून सांगितलं होतं, की कोणी तिथे जाऊन पाहून आल्याशिवाय कुंकू पुसू देणार नाही. गाडी हलता हलता त्या खिडकीशी आल्या.

"भाऊ, तठली चटईवाली म्हतारीले इचारा. तिनाकडे त्या मना नावनी चटई इनाले टाकणार व्हतात."

शेवटच्या रजेत अण्णांनी त्यांना तसं सांगितलं होतं म्हणे. मोठ्या चर्चच्या मागे एका म्हातारीचं दुकान आहे, ती चटईत माणसाचं नाव विणून देते.

मनिलाबद्दल लोक फार गोड लिहितात. मी पाहिलं ते शहर लढाई संपून नऊ वर्षं झाली तरी तिच्यातून पुरतं उठलेलं नव्हतं. जुन्या तटबंदीच्या आत भिंती होत्या, पण छपरं नव्हती, आणि त्या भिंतींना टेकून पत्र्याच्या झोपड्यांत माणसं राहत होती. खाणावळीत भात आणि व्हिनेगरात शिजवलेलं मांस मिळे. मी माळकरी, त्यामुळे आठवडाभर भात आणि केळी यांवर काढला. कारखान्याचं काम पहिल्या चार दिवसांत उरकलं. वाखाचं झाड पाहून रावेरकडचा कोणीही ते केळच म्हणेल. फक्त त्याला खाण्याजोगं फळ येत नाही.

मग खरेदीला निघालो. डबी मिळाली, रुमाल मिळाला. शोभेच्या लाकडी रेड्याच्या घासाघिशीत मला दुकानदाराने सरळसरळ उल्लू बनवलं. तिथे हिंदी माणूस कुठलाही असो, त्याला 'बुम्बाय' (मुंबईवाला) म्हणतात. मी मुंबईचा नाही, जळगावचा, हे मी दोन दुकानांत समजावलं आणि नंतर नाद सोडला. मोठी चर्चं तिथे बरीच, म्हणून चटयांच्या प्रत्येक दुकानात मी एकच विचारत होतो : लढाईच्या आधीपासून चटया विकणारी म्हातारी कुठे आहे?

सहाव्या दिवशी सकाळी अशाच एका चर्चच्या मागे ती सापडली. सगळे तिला लोला (आजी) म्हणत. नुकतंच दुकान उघडून ती बसली होती. मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "ये बाबा. तूच माझा बुएना मानो (भवानी)." पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जाऊ नये, ही समजूत तिथेही आहे. इतक्या दूर आपल्या बाजारातली रीत भेटल्याचं मला उगाच बरं वाटलं.

मी अण्णांबद्दल विचारलं. त्यांचं नाव तिला ठाऊक नव्हतं.

"चष्म्याचा बारीक बुम्बाय," ती आठवून म्हणाली. "तपकीर ओढायचा. शिंक आली की स्वतःच हसायचा."

ते अण्णाच होते. तिने मला बसायला स्टूल दिलं.

चटया समुद्रापलीकडच्या बेटावर, तिच्या गावात, पाणथळीतल्या गवताच्या विणत. अण्णांनी चटई सांगितली आणि लागलीच लढाई आली. बोटी बंद झाल्या. अण्णा दर शनिवारी येऊन विचारत, नाही म्हटलं की म्हणत, घाई नाही. तीन वर्षं ते येत राहिले. शेवटच्या धुमश्चक्रीत त्यांची गल्ली दोन्ही टोकांनी पेटली. त्यातून कोणी बाहेर आलं नाही. लोलाच्या दुकानात होत्या नव्हत्या तेवढ्या चटया त्या आठवड्यात मढी गुंडाळायला गेल्या. नंतर बोटी सुरू झाल्या, तेव्हा अण्णांची चटई आली.

"नावाची चटई दुसऱ्याला विकत नाहीत," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या नावावर कोण निजेल?" आणि तिने माळ्यावरून एक सुरळी काढून माझ्यासमोर उलगडली.

लाल चटई, कडेला हिरवी पट्टी. मधोमध मोठ्या इंग्रजी अक्षरांत नाव होतं : चंद्रा.

मी ते दोनदा वाचलं. मग माझ्या डोक्यात तिडीक गेली. गावाकडे एक बाई कुंकू जपून बसलीय, आणि इथे ही कोण चंद्रा? मेलेल्या भावाचा इतका राग येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

"ही आमची नाही," मी म्हणालो.

"त्यानेच कागदावर लिहून दिलं होतं. घेऊन जा. पैसे तेव्हाच दिलेत त्याने."

मी उठलो. ती सुरळी हातात धरून दारापर्यंत मागे आली. मी वळून पाहिलं नाही.

पलीकडच्या बाजारातल्या दुसऱ्या दुकानात मी तशीच तयार लाल चटई घेतली. तिच्यावर गोदावरी असं नाव भरायला लावलं. बोट सुटायच्या आदल्या दिवशी ती तयार झाली. परतीच्या सगळ्या वाटेवर मी स्वतःवर खूश होतो. वहिनींना खूण मिळेल आणि अण्णांची अब्रूही झाकली जाईल, असा माझा हिशेब होता.

धरणगावला पोचलो तेव्हा दुपार होती. ओसरीवर मी आधी चटई उलगडली. पुढचं सांगायला शब्द जुळवत होतो. वहिनींनी अक्षरांवरून बोट फिरवलं.

"काय नाव शे?"

"गोदावरी. तुमचंच."

त्यांनी बोट उचललं. "मंग हाई मनी नही."

मला कळेना. त्या खाली मान घालून हळू बोलल्या, "हाई नाव लगीनमा ठेवेल शे. त्या मना माहेरनं नाव घालणार व्हतात. चंद्रा. हाई मी कोनले सांगेल नही." मग त्यांनी वर पाहिलं. चेहरा एकदम उजळला होता. "म्हंजे ती म्हतारी तुमले भेटनी नही. आजून वाट दखाले हरकत नही."

लग्नात मुलीचं नाव बदलतात हे मला ठाऊक नव्हतं थोडंच? माझ्या बायकोचंही मीच बदललं होतं. पण या घरात बारा-पंधरा वर्षं वावरणाऱ्या वहिनींना आधी दुसरं नाव होतं, हे माझ्या मनात कधी आलंच नव्हतं. आणि अण्णांनी ते जपलं होतं.

गप्प बसलो असतो तर त्या आणखी बारा वर्षं बसून राहिल्या असत्या. मी सांगितलं. शनिवार, गल्ली, आग, सगळं. ती चटई मी का सोडून आलो तेही सांगितलं, आणि ते सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वहिनींनी एकच विचारलं. "रंग कसा व्हता?"

"लाल. कडेला हिरवी पट्टी."

"लाल मीच सांगेल व्हता," त्या म्हणाल्या. मग उठून मोरीवर गेल्या आणि स्वतःच्या हातांनी कुंकू धुऊन आल्या. नाना भिंतीकडे तोंड करून बसले.

तिसऱ्या दिवशी पुतळा केला. वहिनींच्या सांगण्यावरून तो मी आणलेल्या चटईवर ठेवला आणि तिच्यासकट जाळला.

लोलाला मी दोन पत्रं टाकली, चर्चच्या मागे, चटईचं दुकान, एवढ्याच पत्त्यावर. उत्तर आलं नाही. ती सुरळी अजून तिच्या माळ्यावर असेल. त्या बुम्बायच्या घरचं माणूस कधीतरी येईल म्हणून तिने ती नऊ वर्षं सांभाळली. ते माणूस आलं होतं, सकाळचं पहिलं गिऱ्हाईक म्हणून, आणि हात हलवत निघून गेलं.