तारखेवर ठेवलेले आंबे

आमच्या घरी आंब्याला तारीख असायची.

रत्नागिरी शहराच्या कडेला, कातळ संपून उतार सुरू होतो तिथे, आमचं चार खोल्यांचं कौलारू घर होतं आणि मागे हापूसचं एकच कलम. ते आजोबांनी लावलेलं. लहानपणी त्याला विहिरीवरून कळशीने पाणी घालायचं काम आत्तेकडे होतं, म्हणजे बाबांच्या थोरल्या बहिणीकडे. पुढे तिचं लग्न होऊन ती हर्णैला गेली. पण त्या कलमाचा पहिला पिकलेला आंबा तिचा, असं आजोबांनी ठरवून टाकलं होतं. आत्तेने खाल्ल्याशिवाय घरात कोणी आंबा चिरायचा नाही. आजोबा गेले तरी बाबांनी हा नेम मोडला नाही. दरवर्षी मे महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी, ऑफिसला सुट्टी असायची तेव्हा, ते स्वतः पेटी घेऊन हर्णैला जात. रविवारी संध्याकाळी परत. आणि रविवारी रात्रीच्या जेवणाला आमच्या ताटात वर्षाचा पहिला आंबा.

बाबा सरकारी ऑफिसात आवक-जावक बघत. आलेल्या प्रत्येक कागदावर तारखेचा शिक्का मारून तो वहीत चढवायचा, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. घरी आंब्याचंही त्यांनी तेच केलं होतं. रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी ते घळ घेऊन, म्हणजे टोकाला जाळी आणि पातं बांधलेली लांब काठी घेऊन, डझनभर तयार आंबे देठासकट उतरवत. मागच्या अंधाऱ्या खोलीत भाताचा पेंढा पसरलेला असे. त्यावर आदल्या दिवशीचा पेपर, पेपरावर ते आंबे, वर पुन्हा पेंढा. पेपरचा तारखेचा कोपरा तेवढा बाहेर ठेवायचा. अशा आठ-दहा आढ्या खोलीत ओळीने असत. कोणते आंबे कधी उतरवले, हे वाकून कोपरा पाहिला की कळे.

त्यांचं नाकही चांगलं होतं. आंबा न दाबता, नुसता तळहातावर घेऊन देठाशी हुंगायचे आणि सांगायचे, "परवा." परवा म्हणजे परवाच. शेजारचे लोक आपली आढी दाखवायला त्यांना बोलावून नेत.

आई म्हणायची, "माणसांची नावं विसरतील, पण आंब्याची जन्मतारीख नाय विसरायचे."

मी सातवीची परीक्षा दिली त्या वर्षीची ही गोष्ट. त्या वर्षी कार्तिकात आत्तेचे यजमान गेले होते. ते तिथल्या शाळेत मास्तर होते. त्यांना मूलबाळ नव्हतं. आत्ते नंतर माहेरी आली नाही. "ती जेवत नाय धड," असं तिच्या शेजारणीने कोणाकडून तरी कळवलं होतं. बाबा एकदा आईला म्हणाले, "आंबा बघून तरी दोन घास जास्त जातील. यंदाची पेटी चुकता कामा नये." त्यांनी एवढं बोलणं हेच पुष्कळ होतं.

मी आठ दिवस आईबरोबर आजोळी लग्नाला गेले होते. आमच्या पेपरात तेव्हा रोज एक गोष्ट तुकड्यातुकड्याने येत होती. एका लहान गावच्या पोस्टमास्तरच्या हाती एक पत्र येतं. पाकिटावर पत्ता त्याचाच आणि अक्षरही त्याचंच. पण ते त्याने लिहिलेलं नसतं. नेमकं इथपर्यंत वाचून मी लग्नाला गेले. तिथे वऱ्हाडात बसून मी दुसरा कसलाच विचार केला नाही. परत आले तेव्हा आठ दिवसांचे पेपर आंब्यांखाली गेलेले.

बाबांना विचारलं असतं तर त्यांनी कदाचित एकेक काढून दिला असता. पण आढीला हात लावायचा नाही, हा घरातला पक्का नियम होता, आणि मी विचारण्यातली नव्हतेच. दुपारी आई लवंडली, तशी मी मागच्या खोलीत गेले. पेंढा बाजूला केला, एका आढीतले आंबे सुपात काढले, दुसरीतले टोपलीत, तिसरीतले परकरात. पेपर काढून खिडकीच्या फटीशी बसले आणि ओळीने वाचत गेले. गोष्ट संपली नव्हती. शेवटचे तीन-चार तुकडे अजून यायचे होते. तेवढ्यात स्वयंपाकघरात भांडं वाजलं. मी घाईघाईने पेपर पुन्हा ओळीने पसरले. तारखा बरोबर लावल्या. त्यावर आंबे ठेवले. कोणत्या पेपरावर कोणते आंबे होते, हे मात्र मला आठवत नव्हतं. मला सगळे सारखेच हिरवे दिसत होते. आंबे ते आंबे, असं मनात म्हटलं आणि वरून पेंढा सारखा केला.

दुसऱ्या शनिवारी पहाटे बाबा पेटी भरायला बसले. वीज गेली होती. आई कंदील धरून उभी होती, आणि मी दाराशी. त्या वर्षी हट्ट करून मीही हर्णैला निघाले होते. बाबांनी नेमक्या तारखेचा कोपरा पाहून पेंढा सारला, एक आंबा तळहातावर घेतला आणि थांबले.

"हाताला कच्चा लागतोय."

आईने कंदील खाली केला. पिवळ्या उजेडात काही कळेना. "मग दुसरे घ्या."

"तारीख बरोबर आहे." त्यांनी पुन्हा कोपरा पाहिला. पुन्हा हुंगलं. "दोन दिवस ढगाळ होतं ना. त्याने मागे राहिले असतील. वाटेत उष्णतेने होतील तयार."

"नाक काय सांगतंय तुमचं?"

"नाकाला तारीख नसते गो," बाबा हसून म्हणाले, आणि पेटीत पेंढ्यावर आदल्या दिवशीचा पेपर घालून त्यांनी आंबे रचायला घेतले.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. बोलायला एक क्षण पुरला असता. मग आई म्हणाली, "अगो, वेणी घाल लवकर, गाडी चुकेल," आणि मी वेणी घालायला गेले.

पाचची एसटी. पेटी बाबांनी टपावर चढवू दिली नाही. सहा-सात तास मांडीशी धरून बसले. हातखंब्याला उजाडलं. चिपळूण गेलं, घाट चढला, लोट्याला कंपनीच्या बसमधून रात्रपाळीची माणसं डोळे चोळत उतरत होती. भरणा नाक्याला बाबांनी मला भजी घेऊन दिली आणि स्वतः पेटीच्या फटीला नाक लावून पाहिलं. चेहऱ्यावर काही उमटलं नाही. दापोलीला गाडी बदलली. उतारावरून समुद्र दिसला तशी खाऱ्या मासळीची हवा आत आली.

एरवी सुट्टीत सगळे हर्णैला गेलो की बाबा मला आधी किनाऱ्यावर मासळीचा लिलाव बघायला नेत. होड्या लागत, टोपल्या उतरत, बायका एकमेकींच्या वर आवाज चढवत. त्या दिवशी आम्ही सरळ आत्तेच्या घरी गेलो.

आत्ते ओसरीवर सुके बोंबील निवडत होती. ती वाळून बोंबलासारखीच झाली होती. बाबांकडे बघून तिने नुसती मान हलवली. माझ्या डोक्यावरून हात फिरवला, पाणी दिलं. देवाशी दिवा लावला आणि मग पेटी उघडली. बाबा समोर गुडघ्यावर बसले होते. तिने वरचा आंबा घेतला, धुतला, चिरला. आत पांढुरका, कडक. दुसरा चिरला. तोही तसाच. एखाददुसऱ्याला कोयीशी थोडा पिवळेपणा, बस्स.

बाबांचे कान लाल झाले होते. मी जमिनीकडे बघत होते.

आत्तेने एक फोड तोंडात टाकली आणि एक डोळा घट्ट मिटला. "भाऊ, हा आंबा आणलास की माझ्या तोंडाची परीक्षा घ्यायला आलास?"

"चुकलं गो आक्का," बाबा म्हणाले. "यंदाच कसं चुकलं, कळत नाय."

"चुकलं तर चुकलं. खोटं गोड बोलणारी दुसरी बघ." ती हसली. मोठ्याने नाही, पण बाबांनी मान वर केली, कारण ते हसू कार्तिकापासूनचं पहिलं असावं. मग तिने विळी ओढली, पेटीतला तो पेपर जमिनीवर पसरला आणि आंबे सोलायला घेतले. "ये गो, गूळ फोड. मेथांबा करू. तुझ्या काकांना लागायचा भाकरीबरोबर." एवढं बोलून तिने पुढचा आंबा सोलायला घेतला.

सालींखाली शुक्रवारच्या पेपरचं आतलं पान होतं; निघायच्या गडबडीत तो घरात कोणी वाचलाच नव्हता. एका कोपऱ्यात आमच्या गोष्टीचं चित्र, तळाला 'समाप्त'. मधला मजकूर ओला होऊन सालींना चिकटला होता. मी हात पुढे केला असता तर तो मिळाला असता. पण पेपरचं नाव काढलं तर सगळंच बाहेर येईल, असं वाटलं. आत्तेने चारी कोपरे धरून ते गाठोडं उचललं आणि परसातल्या खतकुंडीत टाकलं.

रात्री तिने दोन भाकऱ्या मेथांब्याबरोबर खाल्ल्या. हात धुताना बाबांना म्हणाली, "झालं. मी खाल्ला आंबा. जा, आता घरी जाऊन खा. माझी ना नाय."

रविवारी संध्याकाळी घराचं फाटक उघडलं तेव्हाच वास आला. आई म्हणाली, "दुपारपासून घमघमतंय. मी नेमाने हात लावला नाय." बाबा मागच्या खोलीत गेले. बऱ्याच नंतरच्या तारखेच्या पेपरावरचे आंबे पिकून, काही अगदी गळून, रस पेंढ्यात उतरला होता. त्यांनी वाकून एकेक कोपरा पाहिला. मग म्हणाले, "पेपर उलटे लागले माझ्या हातून."

बस्स, एवढंच. मला कोणी काही विचारलं नाही. त्यांना दुसऱ्या कोणाचा संशयसुद्धा आला नाही. चूक झाली म्हणजे ती नोंद करणाऱ्याची, असं ते मानत.

पुढच्या वर्षी त्यांनी आढ्या लावल्या, पण पेटी भरायला आईला बसवलं. एकेक आंबा हातात घेत, हुंगत, आणि तिच्याकडे देत म्हणत, "तू बघ गो. माझं काय खरं नाय." आई सांगेल ते घेत. शेजारून कोणी बोलावलं तर हसून म्हणत, "माझं नाक गेलं आता." लोकही हसत. मग लोकांनी बोलावणं सोडलं. हे वाक्य मी प्रत्येक मे महिन्यात ऐकलं. आधी शाळेत असताना, मग कॉलेजातून सुट्टीला आल्यावर, मग लग्नानंतर पुण्याहून आल्यावर. प्रत्येक वेळी वाटे, आज सांगू. जितकी वर्षं गेली तितकं ते क्षुल्लक होत गेलं, आणि जितकं क्षुल्लक होत गेलं तितकं सांगणं अवघड.

आत्ते गेली. तिच्यामागे पहिली पेटी माझ्याकडे येऊ लागली. आता माहेरवाशीण मीच होते. ती भरायची आई, पोचवायला यायचे बाबा. आईही गेली, तेव्हापासून मे महिन्यात आठ-दहा दिवस येऊन आढ्या मीच लावू लागले. बाबा दारात खुर्ची टाकून बघत बसायचे. मला कधी सुधारायचे नाहीत.

गेल्या वर्षी त्यांना उठवत नव्हतं. खाट मागच्या खोलीलगतच घातली होती. एका सकाळी मी पेपर पसरत होते. ते म्हणाले, "तारीख बाहेर ठेव." कित्येक वर्षांत ते पहिल्यांदाच असं काही बोलले. मी तशीच पेंढ्यात बसले आणि सगळं सांगितलं. सूप, टोपली, परकर, कंदील, वेणी. सांगताना माझा आवाज सातवीतल्या मुलीसारखा झाला होता. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मला वाटलं, झोप लागली.

मग ते म्हणाले, "ते पत्र लिहिलं कोणी होतं?"

"कोणतं पत्र?"

"पोस्टमास्तरचं. मीपण वाचत होतो ती. शेवट त्या गडबडीत राहिला."

मी सांगितलं की शेवट आत्तेच्या खतकुंडीत गेला. ते इतके हसले की खोकला आला. पाठ चोळून दिल्यावर त्यांनी हात पुढे केला. "आण बघू एक."

मी मधल्या आढीतला आंबा तळहातावर ठेवला. दोन्ही हातांनी धरून त्यांनी तो देठाशी नेला. मी कोपऱ्यावरची तारीख वाचायला वाकले, तर म्हणाले, "राहू दे. उद्या."

दुसऱ्या दिवशी मी तो चिरला. बरोबर होता. एक फोड त्यांनी खाल्ली, दुसरी नको म्हणाले. श्रावणात ते गेले.

यंदा मी एकटीच आले आहे. कलमाला कमी आंबे आहेत, पण आहेत. मी रोज सकाळी घळ घेऊन उतरवते, पेपर पसरते, कोपरा बाहेर ठेवते. आता पेपरात गोष्ट येत नाही. आज पहिली आढी तयार झाली. अजून मी आंबा चिरलेला नाही. घर आवरायला अजून दोन दिवस लागतील, म्हणून नेमाची पहिली पेटी पुढे पुण्याला माझ्या घरी पाठवते आहे. ट्रॅव्हल्सवाला म्हणाला, "ताई, नाव-पत्ता मोठ्या अक्षरात लिहा, कोणाची पेटी ते कळत नाय."

मी स्केचपेन घेतलं आणि लिहिलं. मग जरा मागे सरकून बघितलं. पत्ता माझाच होता, आणि अक्षरही माझंच.