सक्करे जास्ति

आमच्या ह्यांना मधुमेह झालेला असताना मी त्यांना सात महिने डिंकाचे लाडू चारले. रोज दोन, एक सकाळी आणि एक कचेरीतून आल्यावर. वर बदाम घातलेलं गोड दूध. आणि हे मी डॉक्टरांच्या हुकमाने करते आहे, अशी माझी ठाम समजूत होती.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. मी साताऱ्याकडून लग्न होऊन बेंगळुरात आलेली. ह्यांचं घराणं कित्येक पिढ्या इथलंच. घरात मराठी बोलायचे, पण त्यातली निम्मी कानडीत भिजलेली. मला कानडी शब्द येत होते दहा-बारा, आणि तेवढ्यावर मी जयनगरच्या भाजीवालीशी भांडून यायची. तेव्हाचा माझा रुबाब विचारू नका.

लग्नाची पहिली दोन वर्षं बरी गेली. मग हळूहळू ह्यांचं शरीर ऐन वेळी साथ देईना. इच्छा असायची, पण ताठरपणा येत नसे. आता ऐंशी ओलांडल्यावर हे लिहिताना मला लाज वाटत नाही. तेव्हा घरात त्या गोष्टीला शब्दच नव्हता. "अंगात बळ नाही," एवढंच म्हणून ते भिंतीकडे तोंड करायचे. मला वाटलं, मीच आवडेनाशी झाले. मी उपाय काय केला, तर मोगऱ्याचे गजरे दुप्पट केले. शेजारीण एकदा म्हणाली, "इवत्तु यार मदुवे, अक्का?" म्हणजे आज लग्न कुणाचं. मी हसले आणि घरात येऊन गजरा उतरवून ठेवला.

सासूबाईंना नातवंड हवं होतं. त्यांनी मला पिंपळाच्या कट्ट्यावरच्या नागाच्या दगडांना प्रदक्षिणा घालायला लावल्या. दोष कुणाचा, हे विचारायची गरज कुणालाच वाटली नाही. मी ओल्या साडीने फिरायचे आणि हे लांबून बघून आत निघून जायचे.

शेवटी ते स्वतःच डॉक्टरांकडे गेले. आधी एकटे बराच वेळ आत होते, मग मला बोलावलं. डॉक्टर भरभर कानडीत बोलले. त्यातलं मला नीट ऐकू आलं ते एवढंच: "सक्करे जास्ति", आणि "मनेयल्ली", घरात. मी म्हटलं, वा, सोपं आहे की. साखर जास्त द्या, घरात द्या. मोठ्या समजूतदारपणाने मान हलवली आणि म्हटलं, "सरी, सरी." हे शेजारी बसून बुटांकडे बघत होते.

मग लाडू सुरू झाले. हे तांब्याभर पाणी एका दमात प्यायचे, बारीक होत चालले होते, सिगारेट तर सुटलीच नव्हती. मी म्हणायचे, उन्हाळा बाधतोय. बेंगळुरात तेव्हा उन्हाळा होता कुठे. ते बारीक झाले की मी लाडू मोठे वळायची.

सातव्या महिन्यात नवीन चप्पल लागून अंगठ्याला फोड आला आणि तो भरेचना. पुन्हा डॉक्टर. ह्या वेळी त्यांनी लघवी काचेच्या नळीत घेतली, निळं औषध घातलं, स्पिरिटच्या दिव्यावर धरली. बघता बघता निळ्याचं विटकरी झालं. डॉक्टरांनी मला काहीतरी रागाने विचारलं. त्यांचा कंपाउंडर बेळगावकडचा होता. तो मधे पडला. "अक्का, घरात काय खायला घालताय, विचारतात."

मी अभिमानाने सांगितलं.

कंपाउंडरच्या हातातली बाटली तशीच राहिली. "अहो अक्का, साखर वाढलीय म्हणाले होते ते. द्या कुठं म्हणाले."

ह्यांना पट्टी बांधायला आतल्या खोलीत नेलं, तेव्हा मी धीर करून विचारलं, "आणि ते दुसरं?" बिचारा कंपाउंडर फरशीकडे बघत डॉक्टरांचं बोलणं मराठीत करत होता. तेही साखरेनंच होतं. बारीक रक्तवाहिन्या, शिरा आधी तिथल्या खराब होतात, सिगारेटनं आणखी. पुष्कळांना ही पहिली खूण असते, म्हणून तेव्हाच साखर आवरायची, रोज चालायचं, सिगारेट टाकायची. सात महिन्यांपूर्वी थोडी आशा होती, हे सगळं ह्यांना सांगितलंही होतं. आता साखर आवरली तर पाय वाचेल. बाकीचं धरून चालू नका.

पाय वाचला, अंगठा गेला. पुढे काही वर्षांनी डोळे गेले, मग तेही. बाकीचं परत आलं नाही. मी आजी आहे ती दिराच्या नातवंडांची. साखरेचा डबा मात्र अजून मी माझ्या हातानेच वरच्या फळीवर ठेवते, जणू आता काही उपयोग आहे.

त्या दिवशी दवाखान्यातून आम्ही जटक्याने घरी परतलो. इथल्या टांग्याला जटका म्हणत. अर्ध्या वाटेत मी विचारलं, "तुम्हाला तर कानडी येत होती. मी चुकतेय हे पहिल्या दिवशीच कळलं असणार. मग खात का राहिलात?"

ते घोड्याच्या पाठीकडे बघत म्हणाले, "लाडू नको म्हटलं असतं, तर का नको ते सांगावं लागलं असतं. मग ते दुसरंही सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा लाडू सोपे होते."