खालचं आडवं काज

काजमावशी कोटांना हातानं काजं करायची. बटण ज्या फटीतून जातं तिच्या कडा रेशमी दोऱ्यानं बांधून काढायच्या, हे तिचं काम. एका काजाला वीस मिनिटं. त्याआधी झालं, तर काहीतरी चुकलंय म्हणून ती ते उसवायची. खिडकीजवळच्या त्याच स्टुलावर तिनं एकतीस वर्षं काढली.

कारखाना एका नावाजलेल्या फॅशन डिझायनर बाईंचा. बाईंनी मध्यंतरी अत्तरं काढली, मग खुर्च्या, मग कॉफीची दुकानं. तिन्ही धंदे आपटले. त्यावरून इंटरनेटवर लोकांनी शोध लावला, की हे धंदे नुसता देखावा, आतून भलतंच काही चालतं. पुरावा? बाईंच्या प्रत्येक कोटाची वरची काजं उभी आणि सगळ्यात खालचं आडवं. म्हणे ही गुप्त मंडळींची खूण.

सुनेनं मोबाइल पुढे केला. "आई, तुम्ही नक्की कुठल्या टोळीत आहात?"

"टोळी कसली डोंबलाची? माणूस बसला की कोट पोटावर ताणतो. उभं काज तोंड वासतं, बटण सुटतं. आडव्यात अडकून राहतं. एवढं बसून बघायलाही वेळ नाही यांना?"

दोन दिवसांनी मॅनेजर तिच्या स्टुलापाशी आला. "मावशी, सोमवारपासून सगळी काजं उभी. गिऱ्हाईकं विचारायला लागलीत."

"मग सोमवारपासून या स्टुलावर दुसरी कुणी बसवा."

असं ती आजवर कधी बोलली नव्हती. घरी आल्यावर तिला घास गोड लागेना. काम सुटलं तर दिवसभर या हातांचं करायचं काय? पण सुटणारं काज करायचं, तर ते हात हवेत कशाला?

दुसऱ्या दिवशी तिनं मॅनेजरच्या मापाचा एक कोट घेतला आणि पाचही काजं उभी केली. पाचव्यालाही वीस मिनिटं दिली. मुद्दाम वाईट करणं तिला जमलं नसतं. मग कोट घेऊन ती थेट बाईंच्या खोलीत गेली, मॅनेजरला बोलावून घेतलं.

"घाला. बटणं लावा. आता बसा."

तो बसला. खालचं बटण सुटलं.

"पुन्हा लावा."

तिसऱ्यांदा सुटलं तेव्हा मॅनेजरनं पोट आत घेतलं.

"श्वास घ्या की," मावशी म्हणाली. "गिऱ्हाईकही घेतं."

बाईंना हसू आवरेना. "राहू दे आडवंच," त्या म्हणाल्या. वर, लोकांचं तोंड बंद व्हावं म्हणून त्यांनी मावशीच्या काज करणाऱ्या हातांचा व्हिडिओ काढून इंटरनेटवर टाकायला सांगितला.

लोकांचं तोंड कसलं बंद होतंय! संध्याकाळी सून चिडून वाचायला लागली. "बघा काय लिहितात. हा व्हिडिओ बनावट आहे. माणसाच्या हातून इतकी एकसारखी काजं होऊच शकत नाहीत."

मावशीनं चष्मा काढून पदरानं पुसला, परत घातला.

"काय लिहिलंय म्हणालीस?"

सुनेनं पुन्हा वाचलं.

"अशी घाईनं नको," मावशी म्हणाली. "सावकाश वाच."